तीन एकर, दोन जनावरं आणि घरची माणसं: सेंद्रिय शेतीची कामं कोणत्या क्रमानं करायची

जूनच्या पहिल्या आठवड्यात मला दरवर्षी तेच फोन येतात. "दादा, यंदापासून सेंद्रिय करायचं ठरवलंय. पिंप आणलंय, गूळ-बेसन आणलंय, आता पुढचं सांगा." मी एकच विचारतो, "कुजलेलं खत किती गाड्या आहे?" पलीकडून आवाज येत नाही.

त्या पिंपात करायचं जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि पीठ पाण्यात आंबवून केलेलं द्रावण, हे विरजण आहे. चमचाभर विरजणानं हंडाभर दही लागतं हे खरं, पण हंड्यात दूध तर पाहिजे. जमिनीत कुजायला काडीकचरा नाही, खत नाही, ओल नाही आणि आपण पिंपामागून पिंप ओततो. मग ऑगस्टमध्ये पीक पिवळं पडतं, शेजारी हसतो आणि आपण युरियाची गोणी घेऊन येतो. चूक सेंद्रियात नसते. जे काम जानेवारीत करायचं ते जूनमध्ये सुरू केलेलं असतं.

खाली लिहिलंय ते लातूर-धाराशिव भागातल्या मध्यम-भारी काळ्या जमिनीचं आहे. खरिपात सोयाबीन-तूर, रब्बीत ज्वारी-हरभरा, दावणीला दोन जनावरं, आणि जानेवारीपर्यंत टिकणारी विहीर. कोकणात किंवा विदर्भात पिकं आणि तारखा बदलतील, पण कामांचा क्रम फारसा बदलणार नाही.

## १. जानेवारी: किती जमीन बदलायची ते ठरवा

तीनच्या तीन एकर एकाच वर्षी बदलू नका. वर्षानुवर्षं रासायनिक खतावर पोसलेल्या जमिनीत पहिली दोन वर्षं उत्पन्न खाली येतं. घर त्याच शेतावर चालत असेल तर ही घट सोसत नाही आणि माणूस दुसऱ्याच हंगामात माघारी फिरतो. पहिल्या वर्षी एक एकर घ्या. त्यातही घराजवळचा, रोज नजर पडेल असा तुकडा निवडा. लांबचा, हलका, "तसाही काही पिकत नाही" असा तुकडा सेंद्रियाला देणं ही नेहमीची चूक आहे. तिथं काहीच पिकत नाही आणि दोष पद्धतीवर जातो.

तुकडा निवडताना वारा आणि उतार बघा. शेजारच्या रानातलं फवारणीचं औषध वाऱ्यानं कुठून येतं? वरच्या शेतातलं पाणी कुठून उतरतं? त्या बाजूला पुढं मक्याच्या किंवा ज्वारीच्या चार-पाच दाट ओळी लागतील. तेवढी जागा आत्ताच सोडून धरा.

तपासा: घरातली किती माणसं रोज दोन तास शेतात देऊ शकतात? नोकरीला गेलेला भाऊ आणि बारावीची मुलगी या हिशेबात धरू नका. जुलैमध्ये खुरपणीच्या वेळी खरा आकडा कळतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

## २. जानेवारी ते मे: खत कुजवा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात.

आधी हिशेब. एक मोठं जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं. दोन जनावरांचं वर्षाचं ओलं शेण ७ टनांच्या आसपास. कुजून, सुकून ते निम्म्याहून कमी होतं. सोयाबीन-तुरीला एकरी २ टन कुजलेलं खत लागतं, म्हणजे साधारण चार-पाच बैलगाड्या. दोन जनावरांत एक ते दीड एकराची सोय होते. उरलेल्या रानाला काडीकचरा लागेल. तुमच्याकडे तो आहे, पण तुम्ही तो पेटवता. सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरणारा भुसा), तुराट्या, ज्वारीची धसकटं, उसाचं पाचट, बांधावरचं गवत यांतलं काहीही जाळू नका. जनावरं गुळी खात असतील तर आधी त्यांना, उरलेली ढिगाला.

ढीग असा लावा:

१. सावलीची, पाणी न साचणारी जागा घ्या. लांबी १० फूट, रुंदी ५ फूट. खड्डा केलाच तर उथळ. आपल्याकडे घराशेजारी पुरुषभर खोल उकिरडा असतो. त्याच्या तळाला हवा जात नाही, पावसाळ्यात पाणी भरतं आणि खत सडतं. सडणं वेगळं, कुजणं वेगळं. सडलेल्याला घाण वास येतो.

२. तळाला तुराट्यांचे जाड तुकडे पसरा, खालून हवा खेळते. त्यावर वीतभर काडीकचरा, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), त्यावर मूठ-मूठ माती. पुन्हा कचरा. असे थर चार फुटांपर्यंत. तुराट्या आख्ख्या टाकू नका, वर्षभरात कुजत नाहीत. कोयत्यानं हातभर तुकडे करा.

३. प्रत्येक थर भिजवा. ढीग पूर्ण झाल्यावर वरून पाणी मारलं तर ते कडेनं वाहून जातं आणि आतला भुसा कोरडाच राहतो.

४. शेणमातीनं लिंपून घ्या किंवा जुन्या पोत्यांनी झाका.

५. तीन आठवड्यांनी उलथापालथ करा. बाहेरचं आत, आतलं बाहेर. कोरडं वाटलं तर पाणी. पुन्हा तीन आठवड्यांनी एकदा.

तपासा: आठ दिवसांनी ढिगाच्या मध्यात पहार खुपसा, पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढून हात लावा. चटका बसला पाहिजे. थंडगार असेल तर पाणी कमी आहे किंवा शेण कमी आहे. ओलीसाठी मुठीत माल दाबा. बोटांच्या फटीत ओल चमकली तर बरोबर, पाणी गळलं तर जास्त, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कमी.

साडेतीन-चार महिन्यांत खत होतं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी. मेमध्ये ढीग लावणाऱ्याला जूनमध्ये अर्धकच्चं खत मिळतं आणि तेच रानात जातं. हे मी स्वतः केलंय. पहिल्या वर्षी घाई झाली, गोठ्याबाहेरचं ताजं शेण सरळ ट्रॉलीत भरून फेकलं. ऑगस्टमध्ये सोयाबीनची झाडं जागोजागी सुकायला लागली. उपटलं तर हातात आलं, खाली मूळच नाही. माती उकरली तर इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी हुमणी, एका फुटात चार. कच्च्या शेणातून हुमणीची अंडी-अळ्या येतात, वाळवी येते आणि न कुजलेलं तणाचं बीही येतं. त्या वर्षी खुरपणीला मजूरही जास्त लागले.

खत झालं का हे ओळखायची आईची पद्धत माझ्या आवडीची आहे. ती डब्यात ओलं खत भरून दहा मेथीदाणे टाकते. चौथ्या दिवशी आठ-नऊ उगवले आणि हिरवे दिसले तर खत वापरायचं. तीनच उगवले, पिवळे पडले, तर ढीग अजून पंधरा दिवस झाकून ठेवायचा.

गांडूळखत करायचं असेल तर ते दुसऱ्या वर्षी. तेही १५-२० दिवस थंड केलेल्या शेणावर. ताज्या शेणाची ऊब गांडुळांना मारते. बेड तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, मध्यापर्यंत हात पोचत नाही. मुंग्या आणि कोंबड्या यांपासून राखण ठेवा.

खत जमलंच नाही तर: एकरातल्या दहा-वीस गुंठ्यांत जूनमध्ये ताग पेरा (एकरी २० ते २५ किलो बी), ४५ ते ५० दिवसांनी फुलं दिसायला लागताच गाडा आणि सप्टेंबरअखेर तिथं रब्बी ज्वारी घ्या. तागाचं लाकूड होईपर्यंत थांबू नका. आणि गाडल्यावर कुजायला ओल आणि दोन-तीन आठवडे लागतात, गाडला की लगेच पेरणी नको.

## ३. एप्रिल: पाणी अडवा, मग माती तपासा

आधी बांध. गेल्या पावसाळ्यात कुठं फुटला होता ते आठवा आणि तिथं दगड-माती भरा. चार महिने राबून केलेलं खत एका ढगफुटीत शेजाऱ्याच्या रानात जाऊ शकतं. पेरणी उताराला आडवी होईल अशी नांगरटीचीही दिशा ठेवा. मातीचा वरचा चार बोटांचा थर हीच आपली खरी इस्टेट.

बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावायचं ठरवलं असेल तर जागा खुणा करून ठेवा, लावायच्या पहिल्या पावसावर. अंगठ्याएवढ्या जाड, तीन फूट लांब फांद्या, दीड-दोन फुटांवर. पुढच्या वर्षापासून छाटून पाला रानात टाकता येतो. शेजाऱ्याशी सामाईक बांध असेल तर आधी त्याच्याशी बोला. झाडावरून पेटलेली भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी. एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं घ्या. तिथला पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडा. सगळी एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. झाडाखालची, विहिरीजवळची, बांधाच्या कडेची, जुन्या उकिरड्याची माती घेऊ नका. युरियाच्या जुन्या पिशवीत नमुना भरणारेही मी पाहिलेत. मग अहवालात नत्र भरपूर!

अहवालात आधी सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन) बघा. ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर चांगला. कमी निघाला म्हणून घाबरू नका, पण एका वर्षात तो वर येईल अशी आशाही ठेवू नका.

## ४. मे: बियाणं घरीच तपासा

सोयाबीनचं बी नाजूक. टरफल पातळ असतं, पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण घटते. त्यामुळे घरचं असो वा विकतचं, तपासल्याशिवाय पेरू नका.

१. पोत्याच्या वरून, मधून, तळातून बी काढा. न निवडता १०० दाणे मोजा.

२. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळा. त्यावर दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडा. वर दुसरा ओला तुकडा, मग गुंडाळी. सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा.

३. सातव्या-आठव्या दिवशी उघडा. फक्त सशक्त कोंब मोजा. फुगलेला, बुरसटलेला, वाकडा कोंब मोजायचा नाही. इथं माणूस स्वतःशीच खोटं बोलतो, म्हणून मोजायला घरातलं दुसरं कोणीतरी बसवा. आमच्याकडे हे काम आईचं. ती दयामाया करत नाही.

७० उगवले तर सलग सोयाबीनला एकरी ३० किलो बी पुरतं. कमी उगवले तर ३० ला ७० नं गुणा आणि उगवलेल्या आकड्यानं भागा. ६० उगवले तर ३५ किलो. साठच्या खाली गेलं तर ते बी खायला किंवा विकायला ठेवा, पेरायला नको.

बीजप्रक्रियेचा क्रम असा: आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी (भुकटी असेल तर किलोला ४-५ ग्रॅम), मग जिवाणू खत, म्हणजे रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला. गुळाच्या थंड पाण्यात कालवून, ताडपत्रीवर बी पसरून, हलक्या हातानं चोळा. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

सावध: सोयाबीनचं रायझोबियम तुरीला चालत नाही, हरभऱ्यालाही नाही. पाकिटावर पिकाचं नाव आणि वापराची शेवटची तारीख वाचून घ्या. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेलं पाकीट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, आतले जिवाणू केव्हाच मेलेले असतात. विकतच्या बियाण्याला आधीच रासायनिक बुरशीनाशक लावलेलं असेल (दाणा लाल-निळा दिसतो) तर ते सेंद्रिय तुकड्यात नको.

तुरीत मर रोग येत असेल तर बीजप्रक्रियेवर थांबू नका. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो मुरलेल्या खतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत आठवडाभर झाका आणि पेरणीआधी रानात टाका. वाणही मरीला तग धरणारा निवडा. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा वाण आमच्या भागात चालतो.

## ५. जून: पेरणीला घाई नको

खत पसरलं की त्याच दिवशी कुळवाची पाळी देऊन मातीआड करा. उन्हात चार दिवस पडलेल्या खताचं नत्र हवेत जातं.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती ओली पण चिखल नाही अशी झाल्याशिवाय, तिफण धरू नका. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. रासायनिकवाल्याचं मोडलं तर तो दुबार पेरून वर खताचा डोस देतो. तुमचं तपासलेलं बी आणि प्रक्रिया दोन्ही वाया जातं.

चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. दोन ओळींत दीड फूट अंतर. या हिशेबानं एकराला सोयाबीन २० किलो आणि तूर सुमारे २ किलो पुरते. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं आणि मग तूर पसरते, पाऊस दगा देऊनही एक पीक हातात राहतं. बी ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

शेताच्या कडेनं मका किंवा ज्वारी, आत अधूनमधून झेंडू. दोन गुंठे घरच्या भाजीला ठेवा: गवार, भेंडी, दोडका, मिरची, अंबाडी. हे दोन गुंठे बाईमाणसाच्या ताब्यात द्या आणि तिथं काय लावायचं हे तिलाच ठरवू द्या.

तपासा: ४० व्या दिवशी सोयाबीनची तीन-चार झाडं मातीच्या गोळ्यासकट खणून काढा (उपटू नका, गाठी तुटतात). मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मग पुढच्या वर्षी जिवाणू खताचं पाकीट बदला.

## ६. आता जीवामृत

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी सांगितलेली कृती महाराष्ट्रभर माहीत आहे, तरी प्रमाण चुकतं म्हणून देतो. एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तेवढंच कडधान्याचं पीठ, आणि बांधावरची, कधी फवारणी न झालेली मूठभर माती.

पिठासाठी विकतचं बेसन लागत नाही. डाळ भरडताना निघालेली चुरी दळून घेतली तरी चालते. गूळही काळा, स्वस्तातला चांगला. प्लास्टिकचं पिंप, सावली, तोंडावर गोणपाट. झाकण घट्ट लावू नका. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा. दुसऱ्या दिवशी वर फेस धरतो आणि आंबूस, ताकासारखा वास येतो. तिसऱ्या दिवशी वापरायला घ्या, आठवड्याच्या आत संपवा. नाकाला झोंबणारी दुर्गंधी सुटली, वर अळ्या दिसल्या, तर ते ढिगावर ओता.

नेहमीच्या चुका:

- कोरड्या जमिनीवर ओतणं. वाफशावर, संध्याकाळी, ओळीच्या कडेनं द्या.
- क्लोरीन मारलेलं नळाचं पाणी वापरणं. ते रात्रभर उघडं ठेवा किंवा विहिरीचं घ्या.
- गाळल्याशिवाय पंपात भरणं. नोझल तुंबतं आणि अर्धा दिवस तारेनं भोकं मोकळी करण्यात जातो. दुहेरी फडक्यानं गाळा.
- "जास्त दिलं तर जास्त फायदा" म्हणून गूळ वाढवणं. पिंप लवकर आंबतं, बाकी काही होत नाही.

महिन्यातून एक-दोनदा पुरे.

## ७. जुलै: तण थांबत नाही

पहिली कोळपणी १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ व्या दिवशी, मध्ये एक खुरपणी. सोयाबीन फुलात आलं की कोळपं बंद. तोपर्यंत पीक रान झाकतं.

अडचण पावसाची. झडीत आठ दिवस रानात पाय ठेवता येत नाही आणि वाफसा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी मजूर पाहिजेत. चार-पाच घरांची सावड आधीच बांधून ठेवा, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. उपटलेलं तण बी धरण्याआधीचं असेल तर ओळीतच आच्छादन म्हणून पसरा. बी धरलेलं असेल तर बाहेर काढा.

## ८. कीड: आधी डोळे, मग पंप

आठवड्यातून दोनदा सकाळी शेतात आडवं-उभं चाला. फवारणीपेक्षा हे स्वस्त.

सोयाबीनमध्ये एखादं पान जाळीसारखं पांढरट दिसलं तर उलटं करून बघा. तंबाखूवरच्या अळीचं आख्खं कुटुंब, शे-दीडशे बारीक अळ्या, एकाच पानावर असतं. ते पान अलगद तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. एका पानात काम झालं. चार दिवस उशीर केलात तर त्याच अळ्या पसरतात आणि मग पंपही पुरत नाही. देठावर दोन गोल खाचा आणि वरचं पान सुकलेलं दिसलं तर चक्रीभुंगा. खालच्या खाचेच्या खालून तोडून नष्ट करा.

तुरीत फुलोऱ्याच्या आधी शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले तर अळी येणार. पक्ष्यांसाठी इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवा, कोतवाल आणि साळुंकी काम करतात. पण शेंगा पक्व झाल्या की काठ्या काढा, नाहीतर तेच पक्षी दाणे टिपतात. मोठ्या अळ्या दिसल्या तर झाडाखाली पोतं अंथरून झाड हलवा, पडलेल्या गोळा करा.

निंबोळी अर्क (५ टक्के) असा करा. जून-जुलैत गळालेल्या पिवळ्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवा. लागतील तेव्हा ५ किलो कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी दुधाळ होईपर्यंत ढवळून गाळा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घाला, एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, संध्याकाळी फवारा. लहान अळ्यांवर चालतो. मोठ्या अळीवर निंबोळी अर्क मारून "सेंद्रियात दम नाही" म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

दशपर्णी अर्क (दहा झाडांचा पाला आंबवून केलेला) मी हल्ली करत नाही. वेळेवर फिरणारा डोळा आणि ताजा निंबोळी अर्क मला पुरतो.

सावध: झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी नव्हे. कण्हेर विषारी आहे, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. धाकट्या भावानं दशपर्णी ढवळताना हाताचं बोट डोळ्याला लावलं आणि दोन दिवस डोळा उघडला नाही. हातमोजे, तोंडाला फडकं, मुलं आणि जनावरं लांब. रासायनिक फवारणीचा पंप इकडे वापरू नका, वेगळा ठेवा. आणि लेबलवर घटक न लिहिलेली "शंभर टक्के सेंद्रिय" बाटली घेऊ नका. मी एकदा घेतली होती. दुसऱ्या दिवशी झाडाखाली अळ्यांबरोबर मधमाश्याही मेलेल्या होत्या.

## ९. काढणी आणि साठवण

सेंद्रिय आणि रासायनिक तुकड्याचा माल एकाच खळ्यावर, एकाच मळणीयंत्रातून काढायचा असेल तर सेंद्रिय आधी, आणि यंत्र साफ करून. पहिली पाच-दहा किलो रास वेगळी ठेवा. सोयाबीनचं बियाणं ठेवायचं असेल तर मळणीयंत्राचा वेग कमी ठेवायला लावा, दाण्याची डाळ होत असेल तर यंत्र थांबवा.

सोयाबीन निघाल्यावर उरलेली गुळी तुरीच्या ओळींत पसरा. ऑक्टोबरच्या उन्हात ती जी ओल धरून ठेवते त्यावर तुरीच्या शेंगा भरतात.

तूर-हरभरा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा. गरम असताना कोठीत भरू नका, रात्रभर गार होऊ द्या. वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका, पंधरा दिवसांनी हात घालून बघा. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी, लगेच पुन्हा उन्हात.

## १०. वही आणि प्रमाणपत्र

दोनशे पानी वही. तारीख, तुकडा, काय केलं, किती, कोणी, खर्च. घरच्या माणसांचे दिवसही लिहा, नाहीतर नफा खोटा दिसतो. बियाण्याची आणि जिवाणू खताची रिकामी पाकिटं, पावत्या वहीतच चिकटवा.

ओळखीच्या पाच-पन्नास घरांना डाळ विकायची असेल तर ही वही आणि शेत दाखवणं पुरतं. बाजारात "सेंद्रिय" लिहून विकायचं असेल तर प्रमाणपत्र लागतं. देशातल्या देशात विक्रीसाठी लहान शेतकऱ्याला पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांना प्रमाणित करायची सरकारी पद्धत, सोयीची. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या शेतांची पाहणी, बदलाच्या काळात "पीजीएस ग्रीन" आणि नंतर "पीजीएस ऑरगॅनिक". हंगामी पिकांना बदलाचा काळ दोन वर्षांचा, फळबागेला तीन. निर्यात करायची तर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या देखरेखीखालचा एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) हा वेगळा, खर्चिक मार्ग आहे.

गट करताना नातं बघू नका, वही बघा. एकानं गुपचूप युरिया टाकला तर त्याचा त्रास गटातल्या इतरांनाही होऊ शकतो. शेताच्या अर्ध्या भागात सेंद्रिय आणि अर्ध्यात रासायनिक सोयाबीन, हेही पाहणीत अडचणीचं ठरतं. म्हणून दुसऱ्या वर्षी पुढचा एकर घेताना रासायनिक बाजूला वेगळं पीक ठेवा. नोंदणी पहिल्याच वर्षी करा, कारण दोन वर्षं मोजायला सुरुवात कागदावर तारीख पडल्यापासून होते. आमच्या गटात एकजण तीन वर्षं चोख शेती करून मग नोंदणीला आला. वही नव्हती, पावत्या नव्हत्या. त्याला पहिल्या वर्षापासून सुरू करावं लागलं.